दिसायला आकडा, असायला मजकूर

उत्पादनाचा कोड, गाडीचा चेसिस नंबर, बँकेचा खाते क्रमांक, पुस्तकाचा आयएसबीएन. बोलताना या सगळ्यांना आपण नंबरच म्हणतो, आणि डेटाबेसचं टेबल बनवायला बसलं की हात आपसूक इन्टिजरकडे, म्हणजे पूर्णांकाच्या टाइपकडे, जातो. नमुन्यादाखल आलेल्या पहिल्या शेदोनशे नोंदींत नुसते अंकच असतात, त्यामुळे शंका यायचंही कारण नसतं. मग कधीतरी एक कोड 'बी' घेऊन येतो, किंवा एखादा शून्याने सुरू होतो, आणि तोवर त्या कॉलमवर दहा रिपोर्ट उभे राहिलेले असतात.

यावर एक सोपा नियम सगळीकडे सांगितला जातो: ज्यावर गणित करायचं तो आकडा, बाकी सगळा मजकूर. नियम वाईट नाही, पण अपुरा आहे. डेटाबेसने स्वतः वाढवत नेलेल्या आयडीवर कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही, तरी तो इन्टिजर असणंच योग्य. त्यापेक्षा दुसरा प्रश्न जास्त कामाचा: '००७' आणि '७' या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात का? आयडीच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं येतं, म्हणून तो आकडा. पार्ट नंबर, पिन, खाते क्रमांक, परीक्षेचा बैठक क्रमांक यांच्या बाबतीत 'हो' किंवा 'सांगता येत नाही' असं येतं. दोन्ही उत्तरांना मजकूर.

जुना दहा अंकी आयएसबीएन याचं चांगलं उदाहरण आहे. ०८०४४२९५७एक्स हा क्रमांक घ्या. सुरुवातीला शून्य आणि शेवटी एक्स. शेवटची खूण ही तपासणीची: डावीकडून पहिल्या अंकाला १०ने गुणायचं, दुसऱ्याला ९ने, असं करत शेवटच्याला १ने, आणि बेरजेला ११ने निःशेष भाग गेला पाहिजे. इथे ७२, २८, २४, १०, ३६, १५, १४ आणि एक्सचे १० मिळून २०९ होतात. ११ गुणिले १९. अकराने भागल्यावर बाकी ० ते १० यांपैकी काहीही येऊ शकते आणि १० एका घरात मावत नाहीत, म्हणून एक्स. हा कॉलम इन्टिजर ठेवला तर एक्सवाली पुस्तकं पहिल्याच दिवशी अडतील, ते परवडलं. शून्याने सुरू होणारी मात्र बिनबोभाट आत जातील, आणि एक घर कमी झाल्याचं कोणाच्या लक्षात येईल ते नंतर. गंमत अशी की या क्रमांकावर गणित तर होतंच की! ते त्याच्या एकेका अंकावर होतं, अख्ख्या संख्येवर होत नाही. आयबॅनचंही, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाचंही, तसंच. पहिली चार चिन्हं शेवटी न्यायची, ए म्हणजे १० ते झेड म्हणजे ३५ असे आकडे घालायचे, आणि ९७ने भागून बाकी १ आली पाहिजे. आयबॅन ३४ चिन्हांपर्यंत जातो, त्यामुळे ती संख्या ६४ बिटांत, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या मोठ्या पूर्णांकात, बसत नाही. उपाय सोपा आहे: डावीकडून सात-आठ अंकांचा तुकडा घ्यायचा, बाकी काढायची, ती पुढच्या तुकड्याच्या आधी लावायची. म्हणजे गणिताच्या वेळीही तो मजकूरच राहतो.

तर कॉलम टेक्स्ट केला. एवढ्याने काम झालं असं वाटतं, पण मूल्य काही कॉलमात बसून राहत नाही. ते फॉर्ममधून येतं, जेसनमधून (प्रोग्रॅमांनी एकमेकांना माहिती पाठवायची लेखनपद्धत) जातं, सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी मूल्यं वेगळी केलेली साधी फाइल) उतरतं, स्प्रेडशीटमध्ये उघडतं, परत येतं. या वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याला अंक दिसले की त्यांचा आकडा करायची घाई असते.

फॉर्मपासून बघू. एचटीएमएलमध्ये इनपुटचा टाइप 'नंबर' ठेवला की मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड येतो, म्हणून लोक कोडसाठीही तोच वापरतात. त्यात घातांकाचा 'ई' चालतो, कमाल लांबीची मर्यादा लागू होत नाही, आणि काही ब्राउझरांत माउसचं चाक फिरलं की किंमत एकने बदलते. खाते क्रमांक चाकाने बदलावा अशी कोणाचीच इच्छा नसते. टाइप 'टेक्स्ट' आणि इनपुटमोड 'न्यूमेरिक' एवढं केलं तरी अंकांचा कीबोर्ड मिळतो.

जेसनमध्ये अवतरण चिन्हं असतील तर मजकूर, नसतील तर आकडा. शून्याने सुरू होणारा आकडा जेसनच्या व्याकरणात मुळात चूकच आहे, त्यामुळे तिथे निदान ओरड तरी होते. लांब क्रमांकांच्या बाबतीत ओरडही होत नाही. जावास्क्रिप्टमधला साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१पर्यंतच्याच पूर्णांकांची हमी देतो; शेवटी ९९३ असलेला क्रमांक वाचला तर ९९२ मिळतो. ट्विटरने २०१०मध्ये ६४ बिटांचे आयडी आणले तेव्हा प्रत्येक आयडी आकडा म्हणून आणि शेजारी मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात केली, ती याचसाठी. एक्सेल तर १५ सार्थ अंकांवर थांबतं. १६ अंकी क्रमांक टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सेलचं फॉरमॅट नंतर टेक्स्ट केलं तरी तो परत येत नाही.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर जनुकांची गोष्ट सांगायला हवी. काही जनुकांची संक्षिप्त नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. स्प्रेडशीटने त्यांच्या तारखा केल्या. प्रयोगशाळांतले काही क्लोन २३१०००९ई१३ अशा धाटणीच्या क्रमांकांनी ओळखले जात, त्यांचं दहाच्या घातांकात रूपांतर झालं. २०१६मध्ये जनुकशास्त्राच्या शोधनिबंधांसोबतच्या एक्सेल फायली तपासल्या गेल्या, तेव्हा जनुकांच्या याद्या असलेल्या सुमारे एकपंचमांश निबंधांत अशी मोडतोड सापडली. २०२०मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली: सेप्ट१चं सेप्टिन१ झालं, मार्च१चं मार्चएफ१. आपोआप रूपांतर बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये दिली. शास्त्राने सॉफ्टवेअरपुढे मान तुकवली याचा राग येतो खरा, पण निर्णय शहाणपणाचा होता. फायली उघडणाऱ्या प्रत्येकाला सेटिंग शिकवत बसण्यापेक्षा नाव बदलणं स्वस्त.

सीएसव्हीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मूल्याभोवती दुहेरी अवतरण चिन्हं घातली की एक्सेल त्याला मजकूर मानेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. ती चिन्हं मूल्यातला स्वल्पविराम, नवी ओळ असलं काही सांभाळण्यासाठी असतात. सीएसव्हीत टाइप सांगायची सोयच नाही. डबल क्लिक करून फाइल उघडली की '००१२३'चे १२३ होतात, आणि सेव्ह केलं की फाइलमध्येही तेच जातं. शिवाय सीएसव्हीत उतरतं ते पडद्यावर दिसणारं रूप: १२ अंकी क्रमांक साध्या फॉरमॅटमध्ये १.२३४५७ई+११ असा दिसतो, तर तसाच लिहिला जातो आणि मधले अंक कायमचे जातात. फाइल डेटा टॅबमधून आयात करायची, त्या कॉलमचा टाइप टेक्स्ट निवडायचा, मगच लोड करायची. देवाणघेवाण नेहमीची असेल तर सरळ एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाइल तयार करून त्यात सेलचा टाइप मजकूर लिहावा. बरोबरचं चिन्ह पुढे लावून अवतरणात मूल्य द्यायची युक्ती एक्सेलपुरती चालते. तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचली की बरोबरचं चिन्हसुद्धा कोडचा भाग होऊन बसतं.

पायथनमधल्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचीही तीच सवय. नुसत्या अंकांचा कॉलम ती इन्टिजर करते, आणि मध्ये एखादी रिकामी जागा असली तर फ्लोट (दशांश आकडा), म्हणजे '००१२३'चे १२३.०. वाचतानाच डीटाइप (कॉलमचा टाइप) 'एसटीआर', म्हणजे मजकूर, द्यावा लागतो. नंतर मजकुरात बदलून गेलेली शून्यं येत नाहीत. एवढं करूनही एखादा खरा कोड 'एनए' असेल तर तो रिकामा समजला जातो. त्यासाठी रिकाम्याची ठरावीक यादी बंद करणारा 'कीप डीफॉल्ट एनए' हा पर्याय फॉल्स करावा लागतो.

डेटाबेसकडून तरी शिस्तीची अपेक्षा असते. एसक्यूलाइट हा छोटेखानी डेटाबेस इथे भल्याभल्यांना चकवतो. कॉलमला दिलेल्या टाइपच्या नावात कोणती अक्षरं सापडतात यावरून तो कॉलमचा कल ठरवतो: 'इन्ट' सापडलं तर इन्टिजर, 'कॅर', 'क्लॉब' किंवा 'टेक्स्ट' सापडलं तर मजकूर, ब्लॉब (कच्चे बाइट) आणि फ्लोटच्याही अशाच खुणा, आणि कशातच बसलं नाही तर न्यूमेरिक, म्हणजे जमेल तिथे आकडा. 'स्ट्रिंग' हे नाव कशातच बसत नाही! म्हणजे कॉलमला हौसेने स्ट्रिंग म्हटलं की '००१२' आत जाताना १२ होतो, '१२ई३' बारा हजार होतो, आणि 'बी१२' मात्र आकडा होऊ शकत नाही म्हणून तसाच राहतो. एकाच कॉलमात दोन जातकुळीची मूल्यं, आणि चाचणीसाठी नेमके 'बी१२'सारखेच कोड टाकलेले असले तर सगळं ठीक दिसतं. याच नियमाने 'फ्लोटिंग पॉइंट' असं नाव दिलं तर कॉलम इन्टिजर ठरतो, कारण पॉइंटच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'इन्ट' आहे. टाइप 'टेक्स्ट' असाच लिहावा, ३.३७ आवृत्तीपासून टेबल 'स्ट्रिक्ट' करता येतं, त्यात स्ट्रिंग लिहिलं तर टेबलच तयार होत नाही.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कॉलम व्हारकॅर (मजकुराचा टाइप) असतो, सगळं नीट साठतं, आणि घोळ विचारताना होतो. कोड बरोबर १२ असं अवतरण चिन्हांशिवाय विचारलं की दोन्ही बाजू फ्लोट होतात. मग '१२', '०१२', '१२एबी' या सगळ्या ओळी जुळतात, आणि अक्षराने सुरू होणारा प्रत्येक कोड शून्याबरोबर जुळतो. इंडेक्सही (ओळी चटकन शोधायची सूचीही) वापरता येत नाही, कारण १२ या किमतीची मजकुरातली रूपं किती असतील याला अंत नाही. दहा लाख ओळींचं टेबल प्रत्येक वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जातं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मंद झाली अशी तक्रार येते आणि लोक इंडेक्स वाढवत बसतात. दोष न लिहिलेल्या दोन अवतरण चिन्हांचा असतो. पोस्टग्रेसक्यूएल हा दुसरा डेटाबेस अशा वेळी सरळ सांगतो, की व्हारकॅर आणि इन्टिजरची तुलना करता येत नाही. हा उद्धटपणा मला आवडतो.

यामल, म्हणजे प्रोग्रॅमची सेटिंग्ज लिहायची एक पद्धत, तिचा एक झटका अनेकांनी खाल्ला आहे. पायथनची ३.१० आवृत्ती २०२१मध्ये आली, आणि कॉन्फिगरेशनच्या फायलींत अवतरणाशिवाय लिहिलेल्या ३.१०चा दशांश आकडा ३.१ झाला. मग चाचण्या भलतीच जुनी आवृत्ती शोधू लागल्या. आवृत्ती हाही मजकूरच. पीएचपी या भाषेत तर '०ई' आणि पुढे नुसते अंक असलेले दोन वेगवेगळे हॅश (मजकुरावरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणा) दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तपासले की समान ठरतात, कारण दोन्ही शून्य गुणिले दहाचा काहीतरी घात. तिथे तिहेरी बरोबर वापरायचं, आणि पासवर्डच्या हॅशसाठी त्यासाठीच असलेलं फंक्शन.

आता दुसरी बाजू. मजकुराला काहीही चालतं, आणि तोच त्याचा दोष. इन्टिजर कॉलम निदान कचरा तरी नाकारत होता. कोडचा कॉलम मजकूर केला की लांबी किती, चिन्हं कोणती, लहान-मोठी अक्षरं एक की वेगळी, हे सगळं आपण लिहून द्यावं लागतं, आणि ते डेटाबेसच्या चेक कन्स्ट्रेन्टमध्येच (कॉलमवर घातलेल्या अटीत) लिहिलेलं बरं. फॉर्ममधली तपासणी फॉर्ममधून येणाऱ्यांनाच लागू होते. रेग्युलर एक्सप्रेशन (मजकूर कसा दिसावा ते सांगणारा पॅटर्न) लिहिताना सुरुवात आणि शेवट दोन्ही बांधावेत. पायथनमध्ये शेवटचं डॉलर चिन्ह ओळ संपवणाऱ्या अदृश्य चिन्हाच्या आधीही जुळतं, म्हणून तिथे 'फुलमॅच' वापरावं.

'अंक' म्हणजे काय हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही, विशेषतः देवनागरीत टाइप करणाऱ्यांसाठी. पायथनचं 'इजडिजिट' हे अंक तपासणारं फंक्शन देवनागरी अंकांना हो म्हणतं आणि 'इन्ट' त्यांचा आकडाही करून देतं. जावास्क्रिप्टमध्ये अंकांचा पॅटर्न फक्त इंग्रजी अंकांना जुळतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये पॅटर्न देवनागरी अंक पास करतो आणि पुढच्याच ओळीतलं 'इन्ट पार्स' कोसळतं. पायथनमध्येही वर्गाचं छोटं २ 'इजडिजिट'ला चालतं आणि 'इन्ट'ला चालत नाही. 'इजडेसिमल' त्यापेक्षा भरवशाचं. देवनागरी अंक यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतो, त्यामुळे ऑरॅकल डेटाबेसमध्ये लांबी १० दिली आणि ती मूळ सेटिंगप्रमाणे बाइटांत मोजली गेली, तर असे तीनच अंक मावतात. युनिकोडचं एनएफकेसी रूप (एकाच चिन्हाच्या वेगवेगळ्या छटा एकसारख्या करणारं) रुंद अंक आणि वर्गाचे अंक साधे करतं, देवनागरीला हात लावत नाही. म्हणून घेताना दोन्ही लिपींतले अंक स्वीकारावेत, आणि साठवण्याआधी दहा चिन्हांचा तक्ता करून एकाच लिपीत आणावेत. वापरणाऱ्याला 'चुकीचा क्रमांक' म्हणून परत पाठवणं हा आळस आहे.

चिकटून आलेली मोकळी जागा हे आणखी एक दुखणं. वेबपानावरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या कोडसोबत न तुटणारी स्पेस येते, दिसायला साधी पण वेगळंच चिन्ह असलेली. जावाचं 'ट्रिम' ती काढत नाही, 'स्ट्रिप'ही काढत नाही. पायथनचं 'स्ट्रिप' ती काढतं, पण शून्य रुंदीची जागा तशीच ठेवतं. परवानगी असलेल्या चिन्हांची यादी ठेवून बाकी सगळं काढावं, एकेक दुष्ट चिन्ह हुडकत बसू नये. अक्षरं मोठी करताना भाषा-निरपेक्ष रूपांतर वापरावं, नाहीतर तुर्की सेटिंगच्या संगणकावर लहान 'आय'चा टिंबवाला मोठा 'आय' होतो आणि तोच कोड स्वतःशीच जुळेनासा होतो.

क्रम लावताना मात्र मजकूर आपलं खरं रूप दाखवतो. तुलना एकेका चिन्हाने होते, म्हणून 'बी१०' हा 'बी२'च्या आधी येतो. रिपोर्टमध्ये हे नुसतं विचित्र दिसतं. कोडमध्ये ते घातक असतं. पुढचा क्रमांक काढण्यासाठी सर्वांत मोठा कोड शोधून एक मिळवायचा, ही पद्धत 'बी९'पर्यंत सुरळीत चालते. त्यानंतर 'बी१०' तयार होतो, पण मजकुराच्या हिशेबाने सर्वांत मोठा अजूनही 'बी९'च. पुढचा पुन्हा 'बी१०', त्याच्या पुढचाही 'बी१०'. युनिक कन्स्ट्रेन्ट, म्हणजे कोड पुन्हा येऊ नये अशी अट, असेल तर नोंदी अडतात. नसेल तर एकाच कोडच्या दहा वस्तू होतात. तसंच 'बी१' ते 'बी५'च्या दरम्यानचे कोड मागितले की 'बी१०'पासून 'बी४९'पर्यंतचे सगळे पदरात पडतात.

यावर तीन वाटा आहेत. नवीन कोड ठरवायचे हातात असेल तर अंकांची घरं सुरुवातीपासून ठरावीक ठेवावीत, 'बी०००१०' असे. घरं वाटतात त्यापेक्षा दोन जास्तच ठेवावीत. कोड बाहेरून येत असतील तर दाखवताना नैसर्गिक क्रम लावावा: जावास्क्रिप्टच्या कोलेटरला (क्रम लावणाऱ्या सोयीला) 'न्यूमेरिक' हा पर्याय आहे, पीएचपीत 'नॅटसॉर्ट' आहे, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आयसीयू या लायब्ररीचं 'केएन' असलेलं कोलेशन (क्रमाचा नियम) बनवता येतं. तिसरी वाट मला सर्वांत पसंत: कोड आहे तसा एका कॉलमात, आणि शेजारी अक्षरांचा भाग आणि अंकांचा भाग वेगळे, नुसते क्रमासाठी आणि पुढचा क्रमांक काढण्यासाठी. अंकांच्या भागाला तिथे खुशाल इन्टिजर करावं. पुढचा क्रमांक सीक्वेन्समधूनच (डेटाबेसच्या स्वतःच्या क्रमांक-मोजणीतून) घ्यावा, कारण दोघांनी एकाच क्षणी मागितला तर सर्वांत मोठा शोधण्याची पद्धत कशीही लिहिली तरी फसते.

नव्याने कोड बनवताना मिसळलेल्या अक्षर-अंकांचा फायदा जागेत दिसतो. सहा घरांत नुसते अंक १०,००,००० कोड देतात; २६ अक्षरं मिसळली की २,१७,६७,८२,३३६. पण माणूस शून्य आणि ओ, एक आणि आय यांत गोंधळतो. गाड्यांच्या १७ चिन्हांच्या क्रमांकात आय, ओ आणि क्यू म्हणूनच वापरत नाहीत. क्रॉकफर्ड यांच्या बेस-३२मध्ये आय, एल, ओ आणि यू गाळले आहेत, आणि वाचताना ओ आला तर शून्य, आय किंवा एल आला तर एक मानतात. सहा घरांत तरीही १,०७,३७,४१,८२४ कोड उरतात. फोनवर सांगायचा कोड असेल तर एवढी काटछाट नक्की करावी.

सगळं अक्षर-अंकी दिसणारं मजकूरच ठेवावं असंही नाही. यूयूआयडी (संगणकाने बनवलेली, सहसा पुन्हा न येणारी ओळख) मजकुरात ३६ चिन्हं घेतो, मुळात ते १६ बाइट आहेत; पोस्टग्रेसक्यूएलमध्ये त्याचा स्वतःचा टाइप आहे, मायएसक्यूएलमध्ये १६ बाइटांचा बायनरी कॉलम पुरतो. तिथे मोठं 'ए' आणि लहान 'ए' वेगळे असण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणि आधीच इन्टिजर असलेला कॉलम मजकूर करायचा असेल तर? नवा मजकूर कॉलम जोडावा, जुना राहू द्यावा. कोडची लांबी ठरलेली असेल तर डावीकडे शून्यं भरता येतात, पण ती भरणारं 'एलपॅड' हे फंक्शन ठरलेल्या लांबीपेक्षा मोठं मूल्य गुपचूप कापतं, म्हणून आधी सर्वांत लांब मूल्य किती अंकांचं आहे ते बघावं. लांबी बदलती असेल तर गेलेली शून्यं हिशेबाने मिळत नाहीत. मूळ फायली किंवा कागद काढून पडताळावं लागतं. मग बाहेरून जोडलेला प्रत्येक प्रोग्रॅम नवा कॉलम वाचतोय याची खात्री करावी, परकीय की असलेली, म्हणजे या कोडकडे बोट दाखवणारी, टेबलं त्याच वेळी बदलावीत, आणि जुना कॉलम एखादा पूर्ण हिशेब-महिना जाईपर्यंत नुसता वाचनासाठी ठेवून द्यावा.